जग पुसण्याआधी

महासंगणकाची बातमी आली की आपल्याकडची चर्चा बहुधा एकाच आकड्याभोवती फिरते : वेग किती? २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्याच दिवशी हवामान आणि जलवायू संशोधनासाठी उभारलेल्या ‘अर्क’ आणि ‘अरुणिका’ या दोन यंत्रणाही देशाला अर्पण करण्यात आल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील ‘अर्क’चा वेग ११.७७ पेटाफ्लॉप, नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान पूर्वानुमान केंद्रातील ‘अरुणिका’चा ८.२४ पेटाफ्लॉप. हे आकडे सर्वत्र छापून आले आणि त्यांचे कौतुकही झाले. ते योग्यच होते. परंतु त्या माहितीत आणखी दोन आकडे होते, ३३ पेटाबाइट आणि २४ पेटाबाइट. ही या दोन यंत्रणांची साठवणक्षमता. तिच्याविषयी कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

या दुसऱ्या आकड्याविषयी मला लिहायचे आहे. संगणक किती वेगाने जग निर्माण करतो याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा, की निर्माण झालेल्या जगापैकी काय ठेवायचे, काय पुसायचे, आणि ते पुसण्याचा निर्णय कोणी, कसा घ्यायचा. भौतिकशास्त्रात पीएच.डी. करूनही हा प्रश्न मला प्रयोगशाळेत कळला नाही. तो कळला एका खेळाच्या सर्व्हरवर, आणि तोही माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, तेव्हापासून खेळ म्हटले की पैसा आणि व्यसन हेच दोन शब्द कानावर येतात. मी म्हणतो तो खेळ त्यातला नव्हे. माइनक्राफ्टचे नाव घरात मुले असलेल्या बहुतेकांनी ऐकलेले असते. एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ठोकळ्यांचे हे जग. डोंगर, नद्या, जंगले, गुहा, सारे ठोकळ्यांचेच. खेळाडू ठोकळे फोडतात, गोळा करतात आणि पुन्हा रचून काहीतरी उभारतात. एखाद्या संगणकावर सर्व्हर चालू ठेवला की दहा-वीस माणसे वेगवेगळ्या गावांतून एकाच जगात एकाच वेळी वावरू शकतात.

या जगाची रचना भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोह पडावी अशी आहे. संपूर्ण भूप्रदेश एका संख्येतून उगवतो. तिला ‘सीड’ म्हणतात, म्हणजे बीज. ही संख्या ६४ बिटांची, म्हणजे अवघ्या ८ बाइटांची असते. मराठीतले एखादे छोटे नाव साठवायलाही याहून अधिक जागा लागते. हे बीज आणि भूप्रदेश घडवण्याचे नियम एवढ्यावर एका बाजूने सुमारे ६ कोटी ठोकळे, म्हणजे ६०,००० किलोमीटर लांबीचे चौरस जग तयार होऊ शकते. त्याचे क्षेत्रफळ पृथ्वीच्या संपूर्ण पृष्ठभागाच्या सुमारे सातपट भरते. तेच बीज आणि तेच नियम वापरले तर तेच डोंगर पुन्हा त्याच जागी उभे राहतात. प्रारंभिक स्थिती आणि नियम ठाऊक असतील तर पुढचे सारे ठरलेले, ही अभिजात यांत्रिकीतली कल्पना इथे मुलांच्या हाती खेळणे म्हणून येते.

अर्थात सर्व्हर एवढे प्रचंड जग एकदम तयार करत नाही. खेळाडू जिथे जातो तिथले १६ बाय १६ ठोकळ्यांचे तुकडे तेवढे घडवले जातात. त्यांना ‘चंक’ म्हणतात. एकदा घडलेला चंक डिस्कवर लिहिला जातो आणि तिथेच राहतो. कोणी केवळ हौसेने दूरवर भटकून आला, तरी त्याने पाहिलेली सारी भूमी सर्व्हर जपून ठेवतो. त्यामुळे जगाची फाइल सतत फुगत राहते. काही महिन्यांनी डिस्क भरते आणि ‘जग रीसेट करू या’ हे वाक्य प्रथमच उच्चारले जाते.

२०२०च्या मार्चमध्ये वसतिगृहे रिकामी झाली आणि आम्ही संशोधक विद्यार्थी देशभर पांगलो. कोणी इंदूरला, कोणी तिरुवनंतपुरमला, कोणी कटकला. प्रयोगशाळा बंद होत्या. माझ्याकडे एक जुना संगणक होता. त्यावर मी सर्व्हर उभारला आणि रोज रात्री आम्ही तिथे भेटू लागलो. आमच्यातला एक कनिष्ठ सहकारी जोरहाटचा. त्याने नदीकाठी एक नामघर बांधायला घेतले. आसामच्या गावोगावी असते तसे लांबट, उतरत्या छपराचे प्रार्थनागृह. खांबांची संख्या तो घरच्यांना विचारून ठरवत असे. आधी छप्पर कोणत्या लाकडाचे करावे यावर आमची तीन रात्री चर्चा झाली. हे काम त्याने जवळजवळ तीन महिने केले.

२३ जून २०२० रोजी खेळाची १.१६ ही आवृत्ती आली. तिने ‘नेदर’ या पाताळसदृश दुसऱ्या जगात नवी जंगले आणि नव्या दऱ्या आणल्या. अडचण अशी की हे नवे प्रदेश फक्त नव्याने घडणाऱ्या चंकांत दिसतात. जुने चंक जसेच्या तसे राहतात. म्हणून त्या दिवसांत असंख्य सर्व्हरांवर एकच काम चालले होते : मुख्य जग तसेच ठेवायचे आणि नेदर तेवढे पुसायचे. मीही तेच ठरवले. आमच्या साध्या सर्व्हरमध्ये नेदरचे फोल्डर मुख्य जगाच्या फोल्डरच्या पोटात असे. रात्री दीडच्या सुमारास मी आज्ञा टंकली ती आतल्या फोल्डरऐवजी बाहेरच्या फोल्डरवर. सर्व्हर पुन्हा सुरू केला, काही तक्रार न करता तो सुरू झाला, आणि मी झोपलो.

सर्व्हरला जगाचे फोल्डर सापडले नाही, तेव्हा त्याने निमूटपणे नवे जग घडवले. बीजाची संख्या मांडणीच्या फाइलमध्ये लिहिलेली होती, त्यामुळे तेच बीज वापरले गेले. पहाटे तीन वाजता माझा बॅकअपचा लहानसा प्रोग्रॅम रोजच्याप्रमाणे चालला. तो जगाची प्रत त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवत असे, आदल्या रात्रीच्या प्रतीवरच. कोऱ्या जगाची प्रत त्याने जुन्या जगाच्या प्रतीवर इमानाने उतरवली. सकाळी पहिला आला तो जोरहाटचा मित्र. त्याने मला फोन केला आणि विचारले, ‘दादा, नामघर कुठे गेले?’

मी आत जाऊन पाहिले. तीच टेकडी होती. तीच नदी, तिचे तेच वळण. झाडांत कुठे बारीकसा फरक असेल तेवढाच. बीजाने सारे परत दिले होते. नामघराच्या जागी फक्त गवत होते. आमची घरे, वाटा, पेट्यांतले सामान, प्रत्येकाच्या नावे नोंदलेली प्रगती, काहीच नव्हते. तो म्हणाला, ‘कोई बात नहीं, दादा.’ त्यानंतर तो त्या सर्व्हरवर पुन्हा आला नाही. आमची मैत्री टिकली. परंतु ते तीन महिने मी त्याला परत देऊ शकलो नाही.

त्या सकाळी मला जे कळले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने इतक्या स्वच्छपणे सांगितले नव्हते. संगणकाच्या डिस्कवर दोन प्रकारची माहिती शेजारी शेजारी राहते आणि दिसायला अगदी सारखी असते. एक बीजातून पुन्हा काढता येणारी, दुसरी माणसाच्या हातून एकदाच घडलेली. आमच्या जगाच्या फाइलीत बहुतेक जागा पहिल्या प्रकारच्या माहितीने, म्हणजे कोणी न शिवलेल्या डोंगरांनी व्यापलेली होती. दुसरी माहिती आकाराने त्यामानाने क्षुल्लक होती, पण त्या जगाचा अर्थ सगळा तिच्यात होता. डिस्कला मात्र दोन्ही बाइट सारखेच. कोणता बाइट डोंगराचा आणि कोणता नामघराचा, हे फाइलीच्या आकारावरून कळत नाही. ते ओळखणे हे व्यवस्थापकाचे काम आहे. मी ते केले नव्हते.

याचा अर्थ जग कधी पुसूच नये असा नव्हे. रीसेटच्या बाजूने खरीखुरी कारणे आहेत आणि ती मान्य केली पाहिजेत. माइनक्राफ्टच्या ‘एन्ड’ या तिसऱ्या जगात उडण्याचे पंख मिळतात, ते तिथल्या तरंगत्या जहाजांत, प्रत्येक जहाजात एकच जोड. जुन्या खेळाडूंनी जवळची जहाजे लुटली की नव्याने येणाऱ्याला कित्येक हजार ठोकळे दूर जावे लागते. म्हणून अनेक सर्व्हर ‘एन्ड’चे बाहेरचे प्रदेश ठरावीक काळाने पुसतात. काही ठिकाणी खाणकामासाठी वेगळे जग ठेवतात. तिथे कोणी घर बांधायचे नाही हे सर्वांना ठाऊक असते आणि ते दर महिन्याला कोरे केले जाते. ‘रस्ट’ या खेळात तर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी नकाशा पुसला जातो, आणि खेळाडू त्या गुरुवारची वाट पाहतात. सारे पुन्हा एका रेषेवर येतात. उलट डिसेंबर २०१०पासून एकदाही न पुसलेला एक प्रसिद्ध माइनक्राफ्ट सर्व्हर आहे. त्याच्या मध्यभागाची भूमी इतकी खणलेली आणि उद्ध्वस्त आहे की नव्या खेळाडूला तिथून बाहेर पडणे हेच पहिले आव्हान ठरते. काहीच न पुसण्याचीही किंमत असते, आणि ती बहुधा नंतर येणारे चुकवतात.

आपल्याला हे परके वाटू नये. दरवर्षी मूर्ती घडवून दरवर्षी तिचे विसर्जन करणाऱ्या समाजाला रीसेट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पण विसर्जनात काय काय असते ते पाहावे. दिवस आधीपासून ठरलेला असतो आणि तो घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. सगळे मिळून निरोप देतात. मूर्तिकाराकडे साचा शिल्लक असतो. आणि मूर्तीबरोबर घरातला पाट, समई, तांब्याची भांडी कोणी पाण्यात सोडत नाही. मी त्या रात्री केले ते विसर्जन नव्हते. मी झोपेच्या भरात पाट-समईसकट देव्हारा बुडवला होता.

रीसेटची चुकीची कारणेही आहेत, आणि त्यांतले सर्वात प्रचलित म्हणजे ‘सर्व्हर मंदावला आहे’. माइनक्राफ्टचा सर्व्हर जगाचे घड्याळ सेकंदाला २० वेळा पुढे सरकवतो. प्रत्येक पावलाला ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हिशेब आटोपला नाही तर खेळ अडखळू लागतो. लोक म्हणतात जग फार मोठे झाले, पुसा. वस्तुतः डिस्कवर निजलेले चंक या हिशेबात येतच नाहीत. वेळ खातात ते त्या क्षणी जागे असलेले चंक, त्यांत कोंडलेले शेकडो प्राणी, अखंड चालणारी यंत्रे. जग पुसल्यावर सर्व्हर काही आठवडे हलका वाटतो, कारण कोणी अजून काही उभारलेलेच नसते. मग तीच यंत्रे, तेच गोठे पुन्हा उभे राहतात आणि दुखणे परत येते. निदान न करता दिलेल्या औषधाचा गुण असा तात्पुरताच असतो.

आता थोडे नियमांविषयी. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या १.१८ या आवृत्तीने भूप्रदेश घडवण्याचे नियमच बदलले. डोंगर उंच झाले, जमीन ६४ ठोकळे आणखी खोल गेली. जुने बीज नव्या आवृत्तीत घातले तर जुने डोंगर मिळत नाहीत. म्हणजे नुसते बीज जपून भागत नाही. कोणत्या नियमांनी ते उगवले होते, हेही जपावे लागते. पूर्वी असे बदल झाले की जुन्या आणि नव्या चंकांच्या सीमेवर सुरीने कापल्यासारखे सरळ कडे उभे राहत. पाहणाऱ्याला तो निसर्गाचा चमत्कार वाटावा, पण तो केवळ आवृत्तीबदलाचा व्रण असे. १.१८मध्ये हे सांधे मिसळून टाकण्याची सोय मुद्दाम करण्यात आली.

विज्ञानात असे खोटे कडे फार महाग पडतात. हवामानाचे प्रारूप दर काही वर्षांनी सुधारते. जुन्या प्रारूपाचे निष्कर्ष आणि नव्याचे निष्कर्ष एकाच आलेखावर जोडले, तर मधे एक उडी दिसते. ती पावसातली नसून प्रारूपातली असते, आणि बेसावध अभ्यासक तिलाच जलवायूतला बदल समजू शकतो. म्हणून पुनर्विश्लेषण नावाची पद्धत वापरतात : गतकाळातली सारी निरीक्षणे घ्यायची आणि एकाच न बदलणाऱ्या प्रारूपातून पुन्हा पहिल्यापासून चालवायची. भारतीय मान्सूनसाठी असे काम आपल्या नोएडाच्या केंद्राने ब्रिटिश हवामान विभाग आणि भारतीय हवामान विभाग यांच्यासह केले आहे. १९७९पासूनच्या काळाचे, १२ किलोमीटर विभेदनाचे हे पुनर्विश्लेषण म्हणजे एका अर्थाने चाळीस वर्षांचे जग पुसून पुन्हा घडवणेच होय. ते शक्य झाले, कारण निरीक्षणे कोणीतरी जपून ठेवली होती. प्रारूप पुन्हा चालवता येते. १९७२च्या दुष्काळातला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

दैनंदिन पूर्वानुमानातही रीसेट असतेच, आणि ते शहाणपणाचे रीसेट आहे. २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण झालेली ६ किलोमीटर विभेदनाची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ असो वा जगातली दुसरी कोणतीही जागतिक प्रणाली, संगणकातले वातावरण आपल्या चालीने जाऊ दिले तर काही दिवसांत खऱ्या वातावरणापासून भरकटते. म्हणून ठरावीक अंतराने, बहुधा दर सहा तासांनी, त्याला पुन्हा वास्तवाशी जोडून घेतात. पण ही जोडणी पाटी कोरी करून होत नाही. आधीच्या फेरीचा अंदाज आणि ताजी निरीक्षणे या दोहोंना त्यांच्या त्यांच्या विश्वासार्हतेनुसार वजन देऊन नवी सुरुवात ठरवली जाते. पूर्वीच्या जगाला जे बरोबर ठाऊक होते ते पुढे नेले जाते, आणि जिथे ते चुकले तिथे दुरुस्त केले जाते. रीसेटची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही.

पुसण्याविषयी भौतिकशास्त्राचेही एक म्हणणे आहे. रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१मध्ये दाखवले की एक बिट पुसण्यासाठी किमान काही उष्णता बाहेर टाकावीच लागते. खोलीच्या तापमानाला ही किंमत साधारण ३ × १०⁻²¹ ज्यूल भरते. या हिशेबाने एक टेराबाइट पुसण्याचे निसर्गाचे शुल्क एका ज्यूलच्या चार कोटीव्या भागाच्या आसपास येते. खरा संगणक याहून कितीतरी अधिक ऊर्जा खर्च करतो. तरीही तो टेराबाइट निर्माण करायला लागलेल्या वीज, वेळ आणि माणसांच्या तुलनेत पुसणे जवळजवळ फुकट आहे. घडवणे महाग आणि पुसणे फुकट असेल, तर पुसण्याच्या वाटेवर अडथळा निसर्ग उभा करणार नाही. तो आपणच नियमांनी उभा केला पाहिजे.

नियम नसला की थोर संस्थांकडूनही काय होते याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अपोलो ११ने चंद्रावरून पाठवलेल्या मूळ दूरचित्र-संकेतांच्या चुंबकीय फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९मध्ये जाहीर केला. यात कोणाची दुष्ट बुद्धी नव्हती. फिती कमी होत्या, नव्या मोहिमांना त्या हव्या होत्या, आणि या फितींवर काय आहे हे पुसण्याआधी विचारण्याची पद्धत नव्हती. सर्व्हरची डिस्क भरल्यावर रात्री दीड वाजता मी जे केले, तेच.

आपल्या संशोधनसंस्थांत आज हे सर्रास घडते, हे मला सांगायचे आहे. महासंगणकावर प्रत्येक संशोधकाला ‘स्क्रॅच’ नावाची तात्पुरती जागा मिळते. तिथल्या फाइली ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. हा नियम योग्य आहे. नाहीतर डिस्क आठवड्यात भरेल. पण नियम कोणाला सांगितला, कधी सांगितला आणि त्याच्यासाठी पर्याय काय दिला, यावर सारे अवलंबून असते. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेत एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचे चार महिन्यांचे काम अशा सफाईत गेले. सूचनेचा ईमेल तिच्या आधीच्या खात्यावर गेला होता. फाइली पुन्हा निर्माण करता आल्या असत्या, परंतु तिने मधल्या काळात प्रोग्रॅममध्ये केलेले बदलही त्याच जागी होते, आणि ते इतरत्र नोंदलेले नव्हते. बीज होते, नियम हरवले होते. तिची शिष्यवृत्ती चार महिन्यांनी वाढली नाही. तिने निष्कर्षांचे एक संपूर्ण प्रकरण प्रबंधातून वगळले.

चूक तिचीही होती, असे म्हणणारे भेटतील. काही अंशी होती, माझीही होती. पण प्रत्येक अपघातानंतर केवळ विद्यार्थ्याला बॅकअपचे महत्त्व सांगणे म्हणजे दर पावसाळ्यात खड्ड्यात पडणाऱ्याला नीट चालायला सांगण्यासारखे आहे. देशाने २०१५मध्ये ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान हाती घेतले. त्यातून यंत्रे उभी राहिली, आणि ती देशात जुळवण्याचे कौशल्यही आले. आता त्या यंत्रांवर घडणाऱ्या जगांची निगा राखणारी माणसे आणि तिचे नियम उभे राहायला हवेत.

आपल्याला हे जमत नाही असे मुळीच नाही. भारतीय हवामान विभागाने १९०१पासूनचा पाऊस चौकटीवार मांडून अभ्यासकांना खुला केला आहे. खोडदच्या विशाल रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे संग्रहात राहतात आणि ठरावीक मुदतीनंतर इतरांनाही मागता येतात. बंगळूरूजवळच्या ब्यालालू येथील इस्रोच्या केंद्रात चांद्रयानासारख्या मोहिमांचा डेटा आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार जपला जातो. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली माहिती सर्वांना मिळावी, असे राष्ट्रीय धोरण २०१२पासून आहे. म्हणजे आपल्या मोठ्या, नावाजलेल्या जगांची काळजी घेतली जाते. प्रश्न आहे तो लहान जगांचा : विद्यापीठातल्या एकट्या विद्यार्थ्याचे गणन, दोन प्राध्यापकांचा छोटा प्रकल्प, अनुदान संपताच बेवारस होणारी डिस्क.

आणि इथेच मला खेळाच्या सर्व्हरांकडून शिकावेसे वाटते. चांगल्या सर्व्हरांवर, पगार न घेणारी आणि अनेकदा विशीही न ओलांडलेली मुले काही शिस्त पाळतात. रीसेटची तारीख काही आठवडे आधी जाहीर होते, आणि ती खेळाडू जिथे खरोखर वाचतात तिथे लागते. काय पुसले जाईल आणि काय राहील हे आधी सांगितले जाते. नेदर जाईल, मुख्य जग राहील. जे कोरे व्हायचेच आहे त्याला पहिल्या दिवसापासून वेगळी जागा असते, म्हणजे तिथे कोणी नामघर बांधत नाही. बीज आणि आवृत्ती नोंदलेली असते. जुन्या जगाची प्रत काही काळ उतरवून घेण्यासाठी खुली ठेवली जाते, आणि ज्याला आपले घर हवे तो ते घेऊन जातो. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर असतो, एकाहून अधिक तारखांचा असतो, आणि तो परत उभा राहतो की नाही हे अधूनमधून उभा करून पाहिले जाते. न तपासलेला बॅकअप ही केवळ श्रद्धा आहे; माझी पहाटे तीन वाजताची प्रत तशीच होती.

यातले काहीही खर्चिक नाही. प्रत्येक पेटाबाइट कायमचा जपा, असे मी म्हणत नाही. उलट, जे बीजातून पुन्हा उगवू शकते ते निर्धास्तपणे पुसावे. त्यातच साठवणीची बचत आहे. जपायचे ते प्रारंभिक स्थिती, प्रोग्रॅमची नेमकी आवृत्ती, माणसाने मधे घेतलेले निर्णय आणि पुन्हा न होऊ शकणारी निरीक्षणे. यांचा एकूण आकार बहुतेक प्रकल्पांत आश्चर्य वाटावे इतका लहान असतो. मात्र हे वेगळे काढून ठेवायला प्रशिक्षित माणूस लागतो, आणि आपल्या संस्थांत अशा माणसासाठी बहुधा पदच नसते. यंत्राच्या खरेदीसाठी निविदा निघते. यंत्रातल्या जगाच्या राखणदारासाठी निघत नाही. संशोधनासाठी पैसा देणाऱ्या संस्थांनी प्रत्येक मोठ्या अनुदानात या कामासाठी एक माणूस आणि एक ओळ ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे.

माझ्या जोरहाटच्या मित्राने गेल्या वर्षी नोकरी धरली. बोलता बोलता मी पुन्हा एकदा त्या रात्रीचा विषय काढला. तो हसला आणि म्हणाला की नामघराची मापे त्याने त्या वेळी वहीत उतरवली होती, वही अजून घरी आहे. बांधायला मात्र त्याला आता तीन महिने मिळणार नाहीत. आपल्या संस्थेत पुढची सफाई कधी आहे आणि तीत काय जाणार आहे, हे ज्यांना आज सांगता येत नाही, त्यांनी उद्या संगणक विभागात जाऊन तेवढे विचारावे.